जुन्या पोकलेनवर एरर येते-जाते, मशीन ढेपाळतं: सेन्सर बदलण्याआधी काय तपासायचं

आधी लक्षणं सांगतो, म्हणजे तुमचं मशीन याच दुखण्याचं आहे का ते कळेल.

- सकाळी मशीन नीट सुरू होतं. तास-दोन तासांनी मॉनिटरवर एरर येते, आरपीएम आपोआप खाली येतो, बूम आणि आर्म मंदावतात. चावी बंद करून पुन्हा फिरवली की सगळं ठीक, आणि थोड्या वेळाने पुन्हा तेच.
- एकमेकांशी काही संबंध नसलेल्या तीन-चार सेन्सरच्या एरर एकदम येतात.
- तापमानाचा काटा एका क्षणात टोकाला जातो आणि लगेच खाली येतो. पाणी असं क्षणात तापत नाही आणि निवतही नाही.
- पाऊस पडला किंवा मशीन धुतलं की त्रास वाढतो.
- उभ्या मशीनवर काही नाही, पण ब्रेकर चालवताना किंवा चेनवर चालताना एरर येते.
- नवा सेन्सर बसवला, दोन-चार दिवस बरे गेले आणि तीच एरर परत आली.

शेवटचं लक्षण मला सगळ्यात जास्त वेळा भेटलं आहे. मालक हातात काढलेले तीन सेन्सर घेऊन उभा असतो आणि तिन्ही चांगले निघतात. मग सेन्सर बदलल्यावर दोन दिवस बरं का वाटतं? कारण सेन्सर बदलताना कपलर, म्हणजे वायरींचा पिना असलेला जोड, काढून परत घातला जातो. त्या घासण्याने पिनांवरचा काळा-हिरवा थर निघतो आणि संपर्क तात्पुरता सुधारतो. म्हणजे बरं वाटलं ते कपलर हलल्यामुळे, नव्या सेन्सरमुळे नाही. ही एक गोष्ट लक्षात राहिली तरी वापरलेल्या मशीनवरचा बराच खर्च वाचतो. मॉनिटर फक्त कोणत्या सर्किटचा आकडा चुकीचा येतोय ते सांगतो. त्या सर्किटमध्ये सेन्सर आहे, दोन-तीन वायरी आहेत, चार-पाच जोड आहेत, अर्थिंग आहे आणि शेवटी कंट्रोलर, म्हणजे मशीनचा संगणक आहे. वापरलेल्या मशीनमध्ये यातलं सगळ्यात आधी बिघडतं ते जोड आणि अर्थिंग.

हात लावण्याआधी

मशीन सपाट जागेवर घ्या, बकेट जमिनीला टेकवा, लॉक लिव्हर (बाकीचे सगळे लिव्हर बंद करणारा) लावा. इंजिन बंद करून मॅन्युअलप्रमाणे हायड्रॉलिकचं प्रेशर उतरवा. कुठलाही कपलर काढायचा तो चावी बंद असतानाच. बॅटरीच्या जाड केबलला हात लावायचा तर मेन स्विच बंद हवा. धूर साफ करायला युरिया वापरणारं इंजिन असेल तर चावी बंद केल्याबरोबर मेन स्विच पाडू नका. ती यंत्रणा लाइनमधला युरिया परत टाकीत ओढते, त्याला काही मिनिटं लागतात. मध्येच वीज तोडली तर आत खडे धरतात आणि नवं दुखणं मागे लागतं.

लागणारं साहित्य थोडं आहे: चांगला डिजिटल मल्टीमीटर, 24 व्होल्टचा 21 वॅटचा बल्ब लावलेला टेस्ट लॅम्प, कॉन्टॅक्ट क्लीनरचा स्प्रे, आणि वही. वही सगळ्यात आधी उघडा.

कोड लिहून घ्या आणि नीट वाचा

याला पैसा लागत नाही, तरीही हे सगळ्यात जास्त वेळा टाळलं जातं. बॅटरी काढली तर काही मशीनवर कोड पुसले जातात आणि हातातला पुरावा जातो. सगळे कोड लिहा, आलेल्या क्रमाने लिहा, आणि ऑपरेटरला विचारा: इंजिन थंड होतं की गरम? लोड होता का? पाऊस होता का? कोणता लिव्हर ओढला होता? ऑपरेटर दिवसभर त्या सीटवर असतो. त्याने “स्विंग आणि बूम एकत्र घेतला की येतं” असं सांगितलं, तर तुमचं निम्मं काम झालं.

बऱ्याच इंजिनांवर कोड दोन भागांत येतो. पहिला आकडा एसपीएन, म्हणजे कोणतं सर्किट: 100 म्हणजे इंजिन ऑइल प्रेशर, 110 म्हणजे पाण्याचं तापमान, 190 म्हणजे इंजिनचा वेग. दुसरा आकडा एफएमआय, म्हणजे बिघाडाचा प्रकार, आणि खरी माहिती या दुसऱ्यात असते. 3 म्हणजे व्होल्टेज प्रमाणाबाहेर जास्त, 4 म्हणजे कमी, 5 म्हणजे करंट कमी किंवा सर्किट तुटलेलं, 6 म्हणजे करंट जास्त किंवा वायर बॉडीला लागलेली, 2 म्हणजे आकडा वेडावाकडा येतोय. हे सगळे बिघाड विजेचे. पण 0 किंवा 1 दिसला तर थांबा. तिथे सर्किट ठीक आहे आणि ऑइल किंवा तापमानच खरोखर हद्दीबाहेर गेलंय, असं कंट्रोलर म्हणतो आहे. 100 बरोबर 1 आला तर इंजिन लगेच बंद करा, डिपस्टिक बघा आणि प्रेशर यांत्रिक गेजवर मोजून घ्या. अशा वेळी वायरी चाचपत इंजिन चालू ठेवलं तर बेअरिंग जाईल.

तुमच्या मशीनचे कोड कंपनीचे स्वतःचे असतील तरी मॅन्युअलमध्ये “व्होल्टेज जास्त”, “सर्किट तुटलेलं” अशी वर्णनं सापडतात. वाचायची पद्धत तीच.

बॅटरी आणि चार्जिंग

मशीन 24 व्होल्टचं, 12 च्या दोन बॅटऱ्या मालिकेत. काही तास उभ्या मशीनवर प्रत्येक बॅटरी वेगळी मोजा. पूर्ण चार्ज असेल तर 12.6 च्या आसपास हवी. दोघींत अर्ध्या व्होल्टचा फरक निघाला, तर कुणी एकाच बॅटरीवरून 12 व्होल्टचा रेडिओ किंवा पंखा घेतलाय का ते शोधा. वापरलेल्या मशीनवर हे फार दिसतं. एक बॅटरी रोज उपाशी राहते, दुसरी जास्त चार्ज होऊन उकळते, आणि शेवटी दोन्ही मरतात. 12 व्होल्ट लागत असतील तर कन्व्हर्टर बसवायचा.

आता सेल्फ मारताना मोजा. दोन्ही मिळून 18 व्होल्टच्या खाली घसरत असेल तर कंट्रोलर त्या क्षणी मध्येच बंद-चालू होऊ शकतो आणि असे कोड टाकतो की ज्यांचा सेन्सरशी काही संबंध नाही. इंजिन चालू असताना 27 ते 28.5 च्या दरम्यान दिसलं पाहिजे. मग मीटर एसी व्होल्टवर घेऊन बॅटरीवरच पुन्हा मोजा. अर्ध्या व्होल्टच्या वर एसी दिसत असेल तर अल्टरनेटरचा डायोड गेल्याचा संशय घ्या. बॅटरी चार्ज होत राहते, म्हणून कुणाचं लक्ष जात नाही, पण ती थरथर सेन्सरच्या लाइनीत शिरते.

अर्थिंग: इथे घाई करू नका

माझ्या अनुभवात एकाच वेळी अनेक असंबद्ध एरर येण्याचं पहिलं कारण हेच. इंजिन रबराच्या माउंटिंगवर बसलेलं असतं, केबिनही रबरावर. म्हणजे दोन्ही बॉडीपासून जवळपास तुटलेली असतात आणि वीज परत यायचा रस्ता म्हणजे अर्थच्या पट्ट्या, एवढाच. ती पट्टी गंजली की करंट दुसऱ्या वाटा शोधतो, कधी सेन्सरच्या बारीक वायरीतून, कधी ॲक्सिलरेटरच्या केबलमधून. सेन्सरचा अख्खा आकडा 5 व्होल्टच्या आत बसलेला असतो. त्यात अर्ध्या व्होल्टची चूक आली की कंट्रोलरला प्रेशरचा आकडा भलताच दिसतो.

वापरलेल्या मशीनमध्ये आणखी एक गोम असते. विकण्याआधी मशीनला नवा रंग मारतात आणि रंग लगच्या, म्हणजे अर्थच्या केबलच्या टोकाला असलेल्या धातूच्या तुकड्याच्या, खाली जातो. वरून सगळं चकाचक, नट घट्ट, पण लग आणि बॉडीच्या मध्ये रंगाचा पापुद्रा. म्हणून अर्थिंग डोळ्यांनी तपासायचं नाही, मोजायचं.

मीटर डीसी व्होल्टवर घ्या. मीटरची एक सुई बॅटरीच्या निगेटिव्ह पोस्टवर, म्हणजे खांबावर, क्लॅम्पवर नव्हे. दुसरी इंजिनच्या उघड्या धातूवर. दिवे, केबिनच्या एसीचा पंखा, सगळं चालू करा. 0.2 व्होल्टच्या वर दिसलं तर रस्त्यात अडथळा आहे. सेल्फ मारताना अर्धा व्होल्टपर्यंत चालेल, त्यावर नाही. हेच केबिनच्या बॉडीवर आणि कंट्रोलरच्या ब्रॅकेटवर करा. नुसता ओहममध्ये रेझिस्टन्स बघून भागत नाही, कारण एका तारेवर लटकलेली केबलसुद्धा मीटरला शून्य दाखवते. लोड टाकल्यावरच ती उघडी पडते.

दोष सापडला की लग काढा, दोन्ही बाजू पॉलिश पेपरने चकचकीत धातूपर्यंत घासा, घट्ट करा आणि मग वरून गंजरोधक लावा. आधी नाही.

फ्यूज आणि रिले

फ्यूज उपसून बघण्यापेक्षा चावी चालू ठेवून दोन्ही टोकांवर व्होल्टेज मोजा. एका बाजूला आहे आणि दुसऱ्या बाजूला नाही, तर फ्यूज गेलेला. बॉक्सच्या झाकणावर लिहिलेल्या अँपिअरचाच फ्यूज आहे ना ते प्रत्येक ठिकाणी बघा. वायरीचा तुकडा घातलेला सापडला तर आधी तो काढा. रिलेसाठी सोपा उपाय: तसाच दुसरा रिले तिथे लावून बघा. फक्त त्याच्या अंगावर 24 व्होल्ट लिहिलेलं आहे याची खात्री करा. 12 व्होल्टचा रिले थोडा वेळ चालतो आणि मग कॉइल जळते.

आधीच्या मालकाने जोडलेलं सगळं

ट्रॅकर, जादा दिवे, कॅमेरा, हॉर्न, रेडिओ, ब्रेकरची वायरिंग. कंपनीच्या हार्नेसला, म्हणजे वायरींच्या जुडग्याला, एका विशिष्ट जाडीचं कवच असतं आणि प्रत्येक वायरीवर खूण असते. त्यात न बसणारी प्रत्येक वायर शोधा आणि ती कुठून सप्लाय घेते ते बघा. कंट्रोलरच्या चावी-लाइनला पीळ देऊन वरून टेप गुंडाळलेला जोड दिसला, तर तुमचा संशयित तोच. हे सगळं तात्पुरतं सोडवून मशीन एक दिवस चालवा. एरर गेली तर त्या वायरी नव्याने, स्वतंत्र फ्यूजवरून घ्या.

हार्नेस आणि कपलर

आता वेळ लागणार आहे. हार्नेस घासतं ते ठरलेल्या जागी: बूमच्या मुळाशी, जिथे ते दर हालचालीला वाकतं, पंपाजवळ, जिथे ते होजला खेटून जातं, केबिनच्या फरशीखाली, इंजिनच्या मागे टर्बोच्या उष्णतेत, आणि क्लिप तुटून ते लोंबकळतं तिथे.

एका मशीनची गोष्ट सांगतो. पंप प्रेशर सेन्सरची एरर फक्त जड खोदाईत यायची. दोन सेन्सर बदलून झाले होते आणि पंपच कमजोर झालाय असं ठरवून तो उतरवायची तयारी चालली होती. प्रेशर चढलं की जाड होज किंचित उडतो. त्या होजला टायने बांधलेलं हार्नेस त्याच्याबरोबर उडायचं आणि 5 व्होल्टची वायर ब्रॅकेटच्या धारेला टेकायची. बाहेरचं कवच शाबूत दिसत होतं, घासलेला भाग खालच्या अंगाला होता. हार्नेस सोडवून पालथं केल्यावरच सापडलं. म्हणून हार्नेस नेहमी सोडवून, फिरवून बघा.

हलवून बघायची चाचणी अशी: चावी चालू, इंजिन बंद, मॉनिटरवर त्या सेन्सरचा चालू आकडा उघडा. एक माणूस आकडा बघेल, दुसरा हार्नेस वीतभर अंतराने हलवत जाईल. आकडा उडाला ती जागा. इंजिन चालू ठेवून पट्टे-पंख्याजवळ हे करू नका.

कपलर उघडल्यावर चार गोष्टी बघा: पाणी, हिरवट थर, मागे सरकलेली पिन आणि ढिली झालेली मादी पिन. शेवटची गोष्ट बहुतेक वेळा आपल्यासारख्यांनीच केलेली असते. मीटरची जाड सुई खुपसली की पिन फाकते आणि ती पुन्हा धरत नाही. त्याच मापाची नर पिन हातात घेऊन घालून बघा, काढताना थोडा अडथळा जाणवला पाहिजे. वायरीचं कवच टोचून मोजू नका, त्या भोकातून पाणी शिरतं आणि सहा महिन्यांनी तांबं आतून कुजतं. कपलर क्लीनरने धुवा, वाळवा, रबराचं सील जागेवर आहे ना बघा. प्रेशर वॉशर कपलरवर मारायचा नाही.

5 व्होल्टची लाइन

प्रेशर सेन्सरला बहुधा तीन वायरी: 5 व्होल्टचा सप्लाय, अर्थ आणि सिग्नल. एकाच 5 व्होल्टच्या लाइनवर अनेक सेन्सर असतात, म्हणून एक आतून शॉर्ट झाला की सगळ्यांचे कोड एकदम येतात. चावी चालू, इंजिन बंद, कपलर काढलेला: सप्लायवर 4.8 ते 5.2 मिळालं पाहिजे. कमी असेल तर चावी बंद करून त्या लाइनवरचा पुढचा सेन्सर काढा, पुन्हा चालू करून मोजा. जो काढल्यावर 5 परत आले तो सेन्सर किंवा त्याची फांदी दोषी. सप्लाय ठीक असेल तर कपलर जोडून सिग्नल बघा. प्रेशर शून्य असताना तो अर्ध्या व्होल्टच्या जवळ असतो. थेट 0 किंवा थेट 5 दिसलं तर सर्किट कुठेतरी तुटलंय किंवा शॉर्ट आहे. या लाइनींवर टेस्ट लॅम्प लावू नका, कंट्रोलर जाईल.

आता सेन्सर

दोन वायरींच्या तापमान सेन्सरसाठी एक खात्रीची युक्ती आहे. “व्होल्टेज कमी” असा कोड असेल तर कपलर काढा. कोड बदलून “व्होल्टेज जास्त” झाला तर वायर आणि कंट्रोलर चांगले, सेन्सर शॉर्ट. बदलला नाही तर वायर वाटेत बॉडीला लागली आहे. उलट, आधीच “जास्त” असेल तर कपलरच्या दोन पिना छोट्या वायरीने जोडा. कोड “कमी”वर आला तर सेन्सर आतून तुटलाय. तीन वायरींच्या सेन्सरवर हे जोडणं करू नका. सेन्सर ओहममध्ये मोजायचा असेल तर थंड असताना साधारण 2 ते 3 किलोओहम आणि इंजिन तापल्यावर काहीशे ओहम. नेमका आकडा मॅन्युअलमधून घ्या.

दोन पंपांचे प्रेशर सेन्सर सारखेच असतील आणि वायर पुरत असेल, तर फक्त कपलर अदलाबदल करा. कोड दुसऱ्या पंपावर गेला तर सेन्सर खराब, जागेवरच राहिला तर वायर. तेलाची लाइन उघडावी लागत नाही. ही अदलाबदल फक्त चाचणीपुरती, तशीच ठेवून काम करू नका.

वेगाचा चुंबकी सेन्सर असेल तर काढून त्याच्या टोकावरचा लोखंडी चुरा पुसा. निम्म्या वेळा तेवढंच असतं. थ्रॉटल डायल हळूहळू फिरवत सिग्नलचं व्होल्टेज बघा, ते सलग चढलं पाहिजे. मध्येच पडत असेल तर आतली पट्टी झिजली आहे. आणि सगळे लिव्हर एकदम मेले असतील तर सेन्सर सोडा, आधी लॉक लिव्हरचा स्विच बघा.

कॅन लाइन

कॅन म्हणजे कंट्रोलर एकमेकांशी बोलतात ती दोन वायरींची लाइन. “संपर्क तुटला” अशा एरर असतील तर मेन स्विच बंद करून, डायग्नोस्टिक कपलरच्या (जिथे एरर तपासायचं यंत्र जोडतात) दोन कॅन पिनांमध्ये रेझिस्टन्स मोजा. 60 ओहमच्या आसपास हवा, कारण दोन टोकांना 120-120 ओहम समांतर बसवलेले असतात. 120 आला तर एक टोक तुटलंय, शून्याजवळ आला तर दोन वायरी एकमेकींना लागल्या आहेत. पुढचा शोध घरच्या साधनांनी लावू नका.

इथे थांबा आणि जाणकाराला बोलवा

तोच फ्यूज योग्य मापाचा लावूनही दुसऱ्यांदा उडाला, वायर जळाल्याचा वास आला, किंवा हार्नेस वितळलेलं दिसलं, तर मेन स्विच पाडा. पोकलेनमध्ये तेल आणि डिझेल वायरींच्या शेजारीच असतं, आग लागायला वेळ लागत नाही.

कॉमन रेलचे इंजेक्टर (इंजिनात डिझेल फवारणारे) आणि त्यांची वायरिंग यांना हात लावू नका. तिथे 24 व्होल्टपेक्षा बरंच जास्त व्होल्टेज जातं, आणि रेलमधलं प्रेशर हजार बारच्या वर असतं. बारीक फवारा कातडी भेदून आत जातो. हायड्रॉलिकची गळती हाताने चाचपू नका, आणि तसं काही झालंच तर जखम टाचणीएवढी दिसली तरी लगेच रुग्णालयात जा.

कंट्रोलरवर संशय असेल, पंपाचं कॅलिब्रेशन करायचं असेल, चावीच्या कोडची यंत्रणा अडवत असेल, तर कंपनीचं सॉफ्टवेअर असलेला माणूसच लागतो. लॉक लिव्हरचा स्विच बायपास करून मशीन चालवायला कुणी सांगितलं तर नाही म्हणा. लिव्हरला कोपर लागून बूम हलतो आणि खाली माणूस असतो. मशीनवर वेल्डिंग करायचं असेल तर आधी बॅटरी आणि कंट्रोलरचे कपलर सोडवून ठेवायला लावा.

जाणकार येईल तेव्हा त्याच्या हातात वही द्या: आलेल्या क्रमाने कोड, एरर येण्याची परिस्थिती, बॅटरीचे तीन आकडे, अर्थिंगचे आकडे, 5 व्होल्टच्या लाइनवर काय दिसलं आणि कोणते कपलर उघडून झाले. हे नसेल तर त्याला पहिल्यापासून सुरुवात करावी लागते. काम झाल्यावर मशीन लगेच ताब्यात घेऊ नका. कोड पुसून, ज्या परिस्थितीत एरर यायची त्याच परिस्थितीत, इंजिन पूर्ण तापवून आणि तोच लिव्हर ओढून, त्याच्यासमोर किमान दोन तास चालवून बघा.